३००चे कनेक्शन आणि ९४वर अडलेला संगणक

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्याकडे २०१२ मध्ये सुटे भाग जुळवून घेतलेला डेस्कटॉप संगणक आहे. जुन्या बिलावर दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-३ रॅमची एक पट्टी आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क अशी नोंद आहे. सध्या त्यावर विंडोज १० चालते. गेल्या महिन्यात मी ४० एमबीपीएसचे कनेक्शन सोडून ३०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन घेतले. मोबाइलवर वेग मोजला की २८०च्या आसपास दिसतो. संगणक राउटरला केबलने जोडलेला असूनही तेथे आकडा ९४च्या पुढे सरकत नाही. त्याहून त्रासदायक म्हणजे संकेतस्थळे पूर्वीसारखीच रेंगाळत उघडतात आणि व्हिडिओ अधूनमधून अडखळतो. कनेक्शन जोडायला आलेल्या तंत्रज्ञाने संगणकच बदला असे सांगितले. भाचा म्हणतो, यूएसबीचे वाय-फाय अडॅप्टर लावले की काम होईल. माझा वापर ईमेल, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ आणि दूर राहणाऱ्या मुलीशी व्हिडिओ कॉल एवढाच आहे. संगणक टाकून द्यावा की सुधारून घ्यावा, आणि सुधारायचा तर नेमके काय बदलावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही बिल जपून ठेवले आणि दोन्ही ठिकाणचे आकडे मोजून कळवले, त्यामुळे माझे निम्मे काम झाले आहे. बहुतेक पत्रांत ‘संगणक फार हळू चालतो’ एवढेच लिहिलेले असते, आणि त्यावरून सल्ला देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे होते.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्या दोन वेगळ्या दुखण्यांच्या आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. वेगाचा आकडा ९४वर अडतो हे एक, आणि पाने रेंगाळत उघडतात हे दुसरे. पहिल्याचे कारण केबल आणि पोर्ट (केबल लावण्याची जागा) यांच्या परिसरात आहे. दुसऱ्याचे कारण संगणकाच्या पोटात आहे आणि त्याचा इंटरनेटशी फारसा संबंध नाही. तंत्रज्ञ आणि भाचा या दोघांनीही ही दोन दुखणी एकच समजून उपाय सुचवले. त्यांच्या सल्ल्याने चालल्यास रोग म्हशीला आणि औषध पखालीला अशी गत होण्याचा संभव आहे.

आधी ९४कडे पाहू, कारण हा आकडा बोलका आहे. केबलच्या जोडणीचे जुने मानक सेकंदाला १०० मेगाबिटचे (म्हणजे १०० एमबीपीएसचे) आहे आणि त्यानंतरचे, जे १९९९ पासून प्रचलित झाले, ते १००० मेगाबिटचे, म्हणजे गिगाबिट आहे. केबलवरून माहिती लहान लहान पाकिटांतून जाते. अशा एका पूर्ण भरलेल्या पाकिटाला तारेवर १५३८ बाइटांची जागा लागते आणि त्यांपैकी खरी माहिती असते सुमारे १४६० बाइटांची, कारण उरलेली जागा पत्ता, तपासणी आणि दोन पाकिटांमधील अंतर यांत जाते. हा हिशेब मांडला की १०० मेगाबिटच्या तारेवरून प्रत्यक्षात सुमारे ९४ ते ९५ मेगाबिटच मिळतात. तेव्हा वेगमापक जर ६० किंवा १३० दाखवत असता तर मला दहा शक्यता तपासाव्या लागल्या असत्या, परंतु तो सारखा ९४ दाखवतो याचा अर्थ फायबरपासून संगणकापर्यंतच्या वाटेत कोठेतरी १०० मेगाबिटचा एक अरुंद सांधा आहे आणि तो आपल्या परीने पूर्ण क्षमतेने काम करत आहे. आड भरलेला आहे, पोहराच लहान आहे. पूर्वीचे ४० एमबीपीएस त्या सांध्यातून आरामात जात होते, म्हणून तो आजवर कोणाच्या लक्षात आला नाही.

हा सांधा तीन ठिकाणी असू शकतो आणि ती ठिकाणे खर्चाच्या चढत्या क्रमाने तपासावीत.

सर्वांत आधी फायबरच्या पेटीची, म्हणजे तुमच्या राउटरची, मागची बाजू पाहावी. अशा अनेक पेट्यांवरील सर्व पोर्ट सारखे नसतात. एक पोर्ट गिगाबिटचा आणि बाकीचे १००चे अशी रचना सर्रास आढळते, आणि गिगाबिटच्या पोर्टला बहुधा वेगळा रंग किंवा वेगळे नाव दिलेले असते. मोबाइल वाय-फायवरून चालतो, म्हणून त्याला २८० मिळतात. त्यावरून पेटीपर्यंत वेग येतो आहे एवढे सिद्ध होते, पण तुमची केबल ज्या पोर्टात आहे तो पोर्ट मोठा आहे हे सिद्ध होत नाही. केबल दुसऱ्या पोर्टात लावून पुन्हा मोजणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

त्यानंतर केबल. या केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतील दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात. एखादी जोडी टोकाशी नीट दाबली गेलेली नसेल, दाराच्या फटीत चेंगरली असेल किंवा तुटलेली असेल, तर दोन्ही टोकांची यंत्रे तक्रार न करता गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतात, दिवा तसाच लुकलुकत राहतो आणि ‘जोडलेले आहे’ असाच संदेश दिसतो. केबलच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत तिची जात छापलेली असते. ती ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ असावी. तुमची केबल संगणकाइतकीच जुनी असेल, तर कारखान्यात टोके बसवून येणारी नवी केबल आणून लावावी. हाताने टोके दाबलेल्या केबलींनी मला आजवर इतक्या वेळा चकवले आहे की आता मी संशय आला की तपासत बसत नाही, थेट बदलतो.

या दोन्हींनी आकडा हलला नाही, तर संगणकातील नेटवर्क कार्डाकडे वळावे. स्टार्टच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा आणि त्यातील ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ या नोंदीखाली कोणते नाव आहे ते पाहावे. अशा बोर्डांवर बहुतेक वेळा रिअलटेक कंपनीची चिप असते आणि तिच्या नावात ‘एफई’ ही अक्षरे असतील तर ती १०० मेगाबिटची, ‘जीबीई’ असतील तर गिगाबिटची. २०१२च्या सुमाराचे बहुतेक बोर्ड गिगाबिटचे होते, परंतु एच-६१ हा त्या काळचा सर्वांत काटकसरी चिपसेट (मदरबोर्डावरील भागांचा व्यवहार सांभाळणारी चिप) असल्यामुळे त्याच्या काही बोर्डांवर १००चा पोर्ट दिलेला असे. म्हणून ही शक्यता मी खरी धरतो. नावात ‘जीबीई’ असूनही सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या माहितीत दुव्याचा वेग (लिंक स्पीड) १००/१०० दिसत असेल, तर दोष कार्डाचा नाही. मग केबल आणि पेटीचा पोर्ट यांच्याकडे पुन्हा जावे.

कार्डच लहान निघाले, तर मदरबोर्डावरील पीसीआय एक्सप्रेसच्या सर्वांत आखूड खाचेत बसणारे गिगाबिट नेटवर्क कार्ड घ्यावे. ते बसवणे म्हणजे एक स्क्रू काढणे, कार्ड खाचेत सरळ दाबणे आणि स्क्रू परत लावणे, इतकेच असते. संगणकाची पेटी उघडायची नसेल तर यूएसबीला लागणारे गिगाबिट अडॅप्टरही मिळते. मात्र एच-६१ चिपसेटमध्ये मुळात यूएसबी ३ची सोय नाही, आणि बोर्डावर त्याची वेगळी चिप बसवलेली नसेल तर तुमचे सर्व यूएसबी पोर्ट यूएसबी २चे असतील. त्या पोर्टाचा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट असला तरी हाती त्यापेक्षा बराच कमी येतो. तुमच्या ३००च्या कनेक्शनला तो कसाबसा पुरेल, पण उद्या कनेक्शन वाढवले तर पुन्हा तेथेच अडाल. म्हणून आतले कार्डच बरे.

भाच्याने सुचवलेले वाय-फाय अडॅप्टर मी घेऊ नये असे सांगेन. त्याचा हेतू चांगला आहे, परंतु ज्या संगणकाजवळ केबल पोचलेली आहे त्याला केबल सोडून हवेवर आणणे म्हणजे पक्का रस्ता सोडून बांधावरून चालणे आहे. शिवाय लहान, स्वस्त अडॅप्टर बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. त्यांच्या खोक्यावर १५० असे छापलेले असले तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ, आणि त्या पट्ट्यात शेजारच्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. म्हणजे आजच्या ९४पेक्षाही आकडा खाली येण्याची शक्यता आहे. ज्या वाचकांना केबल नेणे अशक्य असेल त्यांनी ५ गिगाहर्ट्झवरही चालणारे, निदान वाय-फाय ५ या पिढीचे अडॅप्टर घ्यावे आणि राउटरवरील सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-२ किंवा त्यापुढची, एईएस प्रकारची आहे याची खात्री करावी. जुनी टीकेआयपी पद्धत निवडलेली राहिली तर वाय-फायचा दुवा नियमानेच ५४ मेगाबिटवर येतो, मग अडॅप्टर कितीही चांगले असो.

आता थोडे कटू बोलतो. वरील सर्व करून तुमचा आकडा ९४वरून २८०वर गेला, तरी तुमच्या रोजच्या वापरात तुम्हाला फरक जवळजवळ जाणवणार नाही. चांगल्या दर्जाच्या, म्हणजे १०८० ओळींच्या व्हिडिओला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात. व्हिडिओ कॉलला त्याहूनही कमी लागतात. एखादे पान उघडताना संगणक अनेक ठिकाणांहून लहान लहान फायली मागवतो, आणि त्यात वेळ जातो तो मागणी पोचून उत्तर येण्यात आणि आलेल्या मजकुराची मांडणी करण्यात. नळ किती रुंद आहे याला तेथे फारसे महत्त्व नसते. फरक दिसेल तो मोठ्या फायली उतरवताना. १० जीबीची फाईल ९४च्या वेगाने सुमारे १४ मिनिटांत उतरेल आणि २८०च्या वेगाने ५ मिनिटांच्या आत. अशा फायली तुम्ही वर्षातून किती वेळा उतरवता, याचा विचार करून मगच नेटवर्क कार्ड घ्यावे. पोर्ट आणि केबल यांची तपासणी मात्र अवश्य करावी, कारण जे कनेक्शन घेतले आहे ते पूर्ण मिळावे ही अपेक्षा रास्त आहे. (बिट आणि बाइट यांचा घोळही येथेच होतो. ३०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ३७.५ मेगाबाइट, त्यामुळे फाईल उतरवताना ब्राउझर ३५ असा आकडा दाखवू लागला तर घाबरू नये. तोच तुमचा पूर्ण वेग आहे.)

तुमचे खरे दुखणे दुसरे आहे आणि ते डोळ्यांनी पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा, त्यात ‘परफॉर्मन्स’ हा भाग निवडावा, आणि ती खिडकी एका बाजूला ठेवून नेहमीची पाच-सहा संकेतस्थळे उघडावीत. माझा अंदाज असा की ‘मेमरी’चा आकडा ८५-९० टक्क्यांवर जाईल आणि ‘डिस्क’चा आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसेल, तर ‘इथरनेट’ची रेघ जमिनीलगत राहील. म्हणजे इंटरनेट दाराशी माल घेऊन उभे आहे आणि घरात तो ठेवायला जागा नाही.

हे असे का होते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढचा सर्व खर्च यावर ठरणार आहे. ४ जीबी रॅममधील बराच भाग विंडोज स्वतःच व्यापते. काही जागा प्रोसेसरमधील ग्राफिक्सला द्यावी लागते. आजचा ब्राउझर प्रत्येक पानासाठी वेगळी जागा मागतो, आणि अलीकडची पाने स्वतःच लहानशा प्रोग्रामांसारखी झाली आहेत. रॅम भरली की विंडोज त्यातील काही मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. आता हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यात वाचणाऱ्या दांड्याला योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवला तर विखुरलेल्या जागांवरची माहिती ती सेकंदाला शंभराहून कमी वेळाच शोधू शकते. सलग मोठी फाईल वाचण्यात ती वाईट नाही. तुमच्या कनेक्शनचे सेकंदाला ३७.५ मेगाबाइट ती सहज लिहून घेईल. पण ब्राउझरचे काम सलग नसते. त्याच्या साठवणीत हजारो बारीक फायली असतात, त्याच वेळी अँटिव्हायरस प्रत्येक फाईल तपासत असतो, विंडोज अद्यतने (अपडेट) उतरवत असते आणि रॅममधून हाकललेला मजकूरही तेथेच येऊन पडत असतो. या सर्वांना एकच दांडा पुरा पडत नाही.

म्हणून तुमच्या संगणकासाठी मी सर्वांत आधी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, सुचवतो. त्यात फिरणारे काही नसते, आणि विखुरलेली माहिती ती सेकंदाला हजारो वेळा आणून देऊ शकते. तुमच्या चिपसेटचे साटा पोर्ट (डिस्क जोडण्याच्या जागा) जुन्या, ३ गिगाबिटच्या पिढीचे आहेत, त्यामुळे खोक्यावर सेकंदाला ५०० मेगाबाइट लिहिलेली एसएसडी तुमच्याकडे सुमारे निम्म्या वेगाने चालेल. विक्रेता किंवा एखादा जाणकार यावरून नाक मुरडेल, पण तिकडे लक्ष देऊ नये, कारण तुम्हाला जाणवणारा फरक सलग वेगाचा नसून शोधण्याच्या वेळेचा आहे आणि तो या पोर्टावरही पूर्ण मिळतो. घेताना २.५ इंची साटा प्रकारचीच घ्यावी. च्युइंग गमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.२ प्रकारची एसएसडी तुमच्या बोर्डाला चालणार नाही. २५० जीबीच्या आसपासची क्षमता तुमच्या वापराला पुरेशी आहे, कारण जुनी हार्ड डिस्क काढून टाकायची नाही, ती फोटो आणि कागदपत्रांसाठी तशीच जोडून ठेवायची आहे.

त्यानंतर रॅम. एच-६१च्या बोर्डावर रॅमच्या सहसा दोन खाचा असतात आणि तुमची एक रिकामी असली पाहिजे. तेथे ४ जीबीची आणखी एक डीडीआर-३ पट्टी बसवली की एकूण ८ जीबी होतील, आणि दोन पट्ट्या एकत्र चालल्याने प्रोसेसरमधील ग्राफिक्सलाही थोडा हातभार लागेल. पट्टी १३३३ मेगाहर्ट्झची, १.५ व्होल्टची आणि डेस्कटॉपची असावी. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. डीडीआर-४ची पट्टी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये, कारण तिच्या कडेवरची चीर वेगळ्या ठिकाणी असते आणि ती पट्टी बसतच नाही. त्याआधी विंडोज ६४ बिटांची आहे ना, हे सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर पाहून घ्यावे. ती ३२ बिटांची असेल तर ४ जीबीच्या पलीकडची रॅम तिला वापरताच येत नाही, आणि मग नवी पट्टी नुसती शोभेची ठरेल.

दोहोंपैकी एकच गोष्ट परवडत असेल तर कोणती घ्यावी, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी एसएसडी म्हणतो. एक तर रॅम कमी पडली तरी एसएसडीवर तिची झळ कमी बसते. दुसरे म्हणजे पुढेमागे नवा संगणक घ्यावा लागला तर ही एसएसडी तेथे वापरता येईल, डीडीआर-३ची पट्टी मात्र नव्या कोणत्याही बोर्डात बसणार नाही. याच कारणाने रॅमची पट्टी वापरलेली घेतली तरी माझी हरकत नाही. रॅममध्ये झिजणारा भाग नसतो. एसएसडी मात्र नवीच घ्यावी.

एसएसडी बसवण्याआधी फोटो आणि कागदपत्रे यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी, आणि ती प्रत उघडून पाहावी. काही वर्षांपूर्वी मी स्वतः जुन्या डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर उतरवताना मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल केली आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवून बसलो. प्रत काढलेली होती म्हणून फक्त एक संध्याकाळ गेली. तुमच्या बाबतीत तर मी नक्कल करूच नये असे म्हणेन. एवढ्या वर्षांत साचलेले टूलबार, मुदत संपलेले अँटिव्हायरस आणि अर्धवट काढलेले प्रोग्राम नव्या डिस्कवर नेण्यात काय हशील? त्यावर कार्यप्रणाली (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) नव्याने टाकावी. मात्र त्याआधी बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, साटाची पद्धत ‘एएचसीआय’ निवडलेली आहे याची खात्री करून घ्यावी, कारण जुन्या संगणकांत ती अनेकदा ‘आयडीई’ या जुन्या पद्धतीवर राहिलेली असते.

कार्यप्रणाली कोणती टाकावी, हा तुम्ही न विचारलेला पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. विंडोज १०चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केल्यास सुरक्षा अद्यतनांची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे, म्हणजे ही सोय तात्पुरती आहे. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि तुमचा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आहे. ही अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या तुम्हाला कोणीतरी सांगेलच, पण त्या वाटेने बसवलेल्या कार्यप्रणालीला पुढील अद्यतने मिळत राहतील याची हमी नसते. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्याच्याबाबत मी अशी जोखीम सुचवणार नाही.

तुमचा वापर पाहता लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली, त्यातही तिची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती, तुम्हाला चांगली पेलेल असे मला वाटते. ती विनामूल्य आहे, ४ जीबी रॅमवरही समाधानकारक चालते, आणि तुमची चारही कामे ब्राउझरमधून होणारी असल्याने बदल तुम्हाला वाटतो तितका मोठा नाही. विशेष म्हणजे ती पेन ड्राइव्हवरून, संगणकात काहीही न बदलता चालवून पाहता येते. तसे करून मुलीला एक व्हिडिओ कॉल लावावा, कॅमेरा, आवाज आणि प्रिंटर चालतो का ते पाहावे, बँकेचे संकेतस्थळ उघडावे आणि पटले तरच ती एसएसडीवर कायमची टाकावी. भाच्याच्या उत्साहाला येथे खरा वाव आहे.

राहिला अडखळणारा व्हिडिओ. त्याचे कारणही वेगात नसून उलगडण्यात आहे. व्हिडिओ दाबून बारीक केलेल्या रूपात येतो आणि संगणकाला तो उलगडावा लागतो. तुमच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्सच्या भागाला एच.२६४ ही जुनी पद्धत येते, परंतु यूट्यूबसारखी संकेतस्थळे आता व्हीपी-९ आणि एव्ही-१ या नव्या पद्धती पसंत करतात. त्या २०११च्या चिपला ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून सारे ओझे प्रोसेसरच्या मुख्य भागावर पडते. व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू’चा आकडा चढलेला दिसेल. यासाठी ब्राउझरमध्ये यूट्यूबला एच.२६४च पाठवायला सांगणारे एखादे विनामूल्य विस्तारक (एक्स्टेंशन) बसवावे. त्यामुळे १०८० ओळींच्या वरचा दर्जा मिळणार नाही, पण तुमच्या पडद्यालाही बहुधा त्याहून अधिक लागत नाही. तेवढेही जड गेले तर ७२० ओळी निवडाव्यात. यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड घेऊ नये. मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बदलण्याचाही विचार करू नये, कारण एक बदलला की दुसरा, मग रॅम, असे करत नवा संगणकच तुकड्यातुकड्यांनी आणि अधिक पैशांत घरात येतो. ‘इंटरनेटचा वेग वाढवणारे’ म्हणून मिळणारे प्रोग्राम तर मुळीच बसवू नयेत.

संगणकाची पेटी उघडलीच आहे तर दोन लहान कामे उरकून घ्यावीत. वीज बंद करून, तार भिंतीतून काढून, पंख्यांवरची आणि प्रोसेसरच्या पत्र्यांमधली धूळ मऊ ब्रशने झाडावी. धुळीने तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. आणि मदरबोर्डावरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी बदलावी. ती संपली की संगणक दर वेळी जुनी तारीख घेऊन उठतो, आणि तारीख चुकीची असली की बँकेसारखी सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तक्रार करून उघडायचे नाकारतात. अनेकांनी यासाठी इंटरनेट कंपनीशी भांडणे केलेली मी पाहिली आहेत. रॅमची पट्टी हाताळण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तेथे उतरते.

संगणक टाकून देण्याचा विचार मी दोनच परिस्थितींत करेन. पेटी उघडल्यावर मदरबोर्डावरील उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली किंवा त्यांतून काही पाझरलेले दिसले, किंवा संगणक अधूनमधून आपोआप बंद पडत असेल, तर त्यात एकही नवा भाग घालू नये. तसे काही नसेल, तर एसएसडी आणि एक रॅमची पट्टी यांवर तो तुमच्या कामांसाठी आणखी काही वर्षे सहज चालेल.

पोर्ट आणि केबल बदलूनही आकडा ९४वरच राहिला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारे नेटवर्क कार्डाचे पूर्ण नाव आणि मदरबोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक मला कळवावा. त्यावरून त्या बोर्डावर कोणती खाच रिकामी आहे आणि तिला कोणते कार्ड बसेल, हे सांगता येईल.